बुधवारचा व्हाइट ड्रेस

‘मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे,’ असं सरांनी सांगितलं तेव्हा आधी हसूच आलं. नर्सरीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मी. मराठी बोलायची ती घरात, आणि शाळेत फक्त मराठीच्या तासाला. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जुनं वैर! पण एक विषय बरेच दिवस मनात घोळत होता आणि तो इंग्रजीत लिहिला असता तर फार गुळगुळीत झाला असता. म्हणून चुकांसकट मराठीत लिहितेय. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

झालं असं, की मागच्या सेमिस्टरला होस्टेलवर अफवा उठली, पुढच्या वर्षापासून कॉलेजला युनिफॉर्म येणार! रात्री मेसमध्ये नुसता गोंधळ. एक पार्टी म्हणे, “आपण काय शाळेतली पोरं आहोत का?” दुसरी म्हणे, “बरंच होईल की! रोज सकाळी काय घालू हा प्रश्न मिटेल आणि कुणाचा बाप किती श्रीमंत तेही दिसणार नाही.” दोन्हीकडून मुद्दे जोरात. एरवी अशा वादात मी सगळ्यांच्या पुढे असते. त्या रात्री मात्र ताटातली आमटी गार होईपर्यंत गप्प बसले. रूममेटने विचारलंसुद्धा, “आज तुझा आवाज कसा काय नाही?”

आवाज नव्हता कारण मला पाचवीतले बुधवार आठवत होते. (अफवा खोटी निघाली, हे आधीच सांगून टाकते. निवांत वाचा!)

माझी शाळा लातूरची. सिस्टरांनी चालवलेली, शिस्तीसाठी गावभर नाव असलेली. आई-बाबांनी मला तिथे घातलं ते त्या शिस्तीसाठीच. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार निळा पिनाफोर, आत पांढरा शर्ट, टाय, बेल्ट, काळे शूज. बुधवारी आणि शनिवारी व्हाइट ड्रेस. म्हणजे पांढरा शर्ट, पांढरा स्कर्ट, पांढरे मोजे, पांढरे कॅनव्हास शूज. केस लांब असतील तर दोन वेण्या वर दुमडून, निळ्या ड्रेसवर काळ्या रिबिनी आणि व्हाइटवर पांढऱ्या. स्कर्ट गुडघ्याच्या खाली चार बोटं. चार बोटं कुणाची, ते मात्र डायरीत लिहिलेलं नव्हतं!

खोटं कशाला बोलू, मला हे सगळं आवडायचं. मंगळवारी रात्री कॅनव्हासला पांढरं पॉलिश लावून खिडकीत वाळत ठेवायचं, सकाळी डाग दिसला तर वर्गातून खडू आणून घासायचा, असेंब्लीत बाराशे मुलं एकसारखी उभी राहिली की अंगावर काटा यायचा. आपण कुठल्यातरी मोठ्या गोष्टीचा भाग आहोत असं वाटायचं. ती भावना खोटी नव्हती, हे मी आजही म्हणेन.

पाचवीत मी मॉनिटर झाले आणि ‘डिफॉल्टर्स बुक’ माझ्या हातात आलं. लांबट वही, तपकिरी कव्हर. पानावर दोन रकाने. डावीकडे नाव, उजवीकडे चूक. ‘शूज नॉट पॉलिश्ड’, ‘रिबन मिसिंग’, ‘नेल्स लाँग’, ‘व्हाइट्स डर्टी’. असेंब्लीआधी रांगेतून फिरायचं, खालून वर बघत जायचं, आणि लिहायचं. तीनदा नाव आलं की डायरीत शेरा. चौथ्यांदा आलं की पहिले दोन तास वर्गाच्या बाहेर, व्हरांड्यात.

आणि आता सांगते, ते वर्ष कुठलं होतं. २०१६.

लातूरच्या बाहेरच्या वाचकांना कदाचित फक्त पाण्याची रेल्वे आठवत असेल. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. नळ म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला एक पाइप, एवढाच त्याचा अर्थ उरला होता. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून कलम १४४ लावलं होतं. तेव्हा दंगलीसाठी लावत ते कलम, पाण्यासाठी! १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. टीव्हीवर सगळ्या देशाने ती पाहिली. आम्ही पोरं गच्चीवर उभं राहून तिची शिट्टी ऐकू येते का बघत होतो.

त्या सगळ्या महिन्यांत आमच्या शाळेत बुधवार आणि शनिवार व्हाइट ड्रेस चालूच होता.

माझ्या बाकावर माझ्याशेजारी एक मुलगी बसायची. गणितात एकदम हुशार. अपूर्णांकांचा भागाकार म्हणजे उलटं करून गुणायचं, हे मिसनी शिकवूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. तिने मधल्या सुट्टीत भाकरीचे तुकडे करून ते शिकवलं. तिच्या डब्यातली शेंगाची पोळी अर्धी माझी असायची. तिचे वडील मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. घरातलं कुणी इंग्रजी शाळेत गेलं नव्हतं. पोटाला चिमटा काढून तिला आमच्या शाळेत घातलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं, कारण निळ्या पिनाफोरमध्ये ती आणि मी अगदी सारख्या दिसायचो. युनिफॉर्मचं हेच तर काम!

पण पांढरा रंग लबाड असतो. तो लपवत नाही.

तिच्याकडे व्हाइट ड्रेस एकच होता. बुधवारी संध्याकाळी धुवायचा तर शनिवारी घालायला मिळणार, शनिवारी धुवायचा तर बुधवारी. एरवी हे गणित जमायचं. पण त्यांच्या गल्लीत टँकर यायचा आठवड्या-दहा दिवसांनी. आलेलं पाणी आधी प्यायला, मग स्वयंपाकाला, मग भांड्यांना, आणि भांड्यांचं उरलेलं मोरीला. पांढऱ्या स्कर्टचा नंबर कितवा लागणार? दोन तांब्यांत खळबळलेला शर्ट वाळला की त्यावर साबणाचे पिवळे नकाशे उमटायचे. कॉलर तर मळकीच राहायची.

मी लिहायचे. ‘व्हाइट्स डर्टी’. पहिल्या वेळी तिने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, म्हणजे ‘काय गं, मलासुद्धा?’ मला वाटलं, मैत्रीण म्हणून सोडलं तर मी कसली मॉनिटर! स्वतःचा मला अभिमानच वाटला. दुसऱ्या वेळी तिने डोळे मोठे केले नाहीत. चौथ्या वेळी ती न सांगताच व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

एकदा तिचे वडील शाळेत आले. मोंढ्यातून थेट आले असावेत, सदऱ्यावर डाळीची भुकटी होती. मिससमोर उभे राहून हळू आवाजात म्हणाले, “घरात प्यायलाच पाणी नाही मॅडम, पांढरं कशात धुवावं? पाऊस पडेपर्यंत निळ्यावर येऊ द्या की लेकराला.” मिस काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी त्यांना खुर्ची दिली. पण म्हणाल्या, “नियम सगळ्यांना सारखा आहे. एकीला सवलत दिली तर उद्या चाळीस जणी येतील.” मी तिथेच वही घेऊन उभी होते. मला मिसचं म्हणणं अगदी पटलं होतं.

आज वाटतं, चाळीस जणी आल्या असत्या तर याचा अर्थ एवढाच होता, की चाळीस घरांत पाणी नव्हतं.

आता जी गोष्ट लिहायची आहे ती आजवर कुणाला सांगितलेली नाही. मार्चमधल्या एका बुधवारी मला उशीर झाला आणि घाईत मी पांढऱ्या कॅनव्हासऐवजी काळे शूज घालून शाळेत आले. पांढऱ्या ड्रेसखाली काळेकुळकुळीत बूट! गेटमध्ये शिरल्यावर लक्षात आलं आणि पोटात गोळा आला. पण मग सुचलं, रांग तपासते मी. मला कोण तपासणार? मिस रांगेकडे बघतात, मॉनिटरच्या पायांकडे नाही. मी वही छातीशी धरली आणि नेहमीसारखी फिरत सुटले. त्या दिवशीही मी चार नावं लिहिली. त्यात तिचं होतं. लिहिताना ती माझ्या बुटांकडे बघत होती. मग वर माझ्याकडे बघितलं. काही म्हणाली नाही. मिसना सांगितलं नाही, कधीच नाही.

त्यानंतर ती बुधवारी आणि शनिवारी यायचीच बंद झाली. सहा दिवसांच्या आठवड्यातून दोन दिवस गेले. बुधवारी गणिताचा जोडतास असायचा. गणितात जिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, ती सोमवारच्या तासाला माझ्या वहीतून बुधवारचं उतरवून घ्यायला लागली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाकावर दुसरी मुलगी होती. वडिलांनी तिचा दाखला काढून नेला होता. व्हाइट ड्रेसमुळेच गेली असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. त्या वर्षी मोंढ्यात मालच कमी होता, फीसुद्धा जड झाली असेल. पण शेवटचे दोन-अडीच महिने तिला शाळेची जी आठवण मिळाली, ती व्हरांड्याची होती. आणि ती मी लिहून दिलेली होती.

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आईला सहज विचारलं, “त्या वर्षी माझा व्हाइट ड्रेस एवढा पांढरा कसा राहायचा गं?” आई म्हणाली, “अगं, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं पिवळा पडायचा. म्हणून शेवटचा हात जारच्या पाण्यातून काढायचे. बाबांना सांगितलं नव्हतं मी.” जारचं म्हणजे विकत आणलेलं, प्यायचं पाणी. मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. दर बुधवारी माझ्या अंगावर जे चमकत होतं त्याला मी माझी शिस्त समजत होते. तो वीस लिटरचा जार होता, आणि आईची चोरी होती.

तर आता मुद्द्याकडे येते. तुम्हाला वाटेल, ही युनिफॉर्मच्या विरोधात लिहितेय. अजिबात नाही. मी युनिफॉर्मच्या बाजूची आहे. आमच्या शाळेत वाढदिवसाला रंगीत ड्रेस चालायचा. त्या दिवशी कुणाचा फ्रॉक पुण्याहून आलाय आणि कुणाचा ताईचा आखूड करून घातलाय, हे पहिल्या तासालाच कळायचं. वाढदिवसाला मुद्दाम निळ्या पिनाफोरमध्ये येणारी मुलंही असायची, ‘विसरलो’ म्हणायची. रोजच तसं झालं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. इथे इंजिनिअरिंगला आल्यावर पहिल्या वर्षी मी स्वतः तीनच जीन्स फिरवून घालत होते आणि कुणी मोजतंय का याची चोरून काळजी करत होते. तेव्हा पिनाफोरची किंमत कळली.

दहावीला तर उलटाच अनुभव आला. २०२० च्या जूनपासून आमची शाळा ऑनलाइन भरली. कॅमेरा चालू आणि युनिफॉर्म कंपल्सरी! वर टाय, खाली पायजमा, असं आमचं सगळ्यांचं ध्यान असायचं. (मिसचंही असावं, असा आम्हाला दाट संशय होता.) पण युनिफॉर्मने जे दहा वर्षं झाकलं होतं ते कॅमेऱ्याने एका तासात उघडं केलं. कुणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, कुणाच्या मागे एकाच खोलीत चाललेला सगळा संसार. आणि ज्यांच्या घरी एकच फोन होता आणि तो वडील कामावर घेऊन जायचे, ती मुलं टाय बांधून बसली तरी दिसणार कुठे? आमच्या बॅचची बोर्डाची परीक्षा २०२१ मध्ये रद्दच झाली, पण माझी एक शंका तेव्हापासून पक्की झाली. एकसारखं दिसणं आणि एकसारखं असणं, यांत फार मोठं अंतर आहे. युनिफॉर्म पहिलं देतो. शाळेनं दुसरं विसरून चालत नाही.

युनिफॉर्मचा इतिहास वाचताना एक गंमत सापडली. १५५२ साली लंडनमध्ये ख्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची शाळा निघाली, गरीब आणि निराधार मुलांसाठी. शाळेच्या गणवेशाची जी फार जुनी उदाहरणं देतात त्यांतलं हे एक. लांब निळा कोट, पिवळे मोजे. तो शाळेने मुलांना दिलेला होता! म्हणजे गणवेश ही शाळेने द्यायची गोष्ट होती. आपल्याकडे फी भरणाऱ्या शाळांत ती शाळेने मागायची गोष्ट झाली. जो देतो त्याने नियम केला तर ठीक. पण जो घेऊन येतो त्याच्या घरी काय आहे, हे नको का बघायला?

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत गणवेश मोफत मिळतो. समग्र शिक्षा योजनेत एका मुलामागे दोन गणवेशांसाठी ६०० रुपये धरले जात. रक्कम तुटपुंजी आहे, पण त्यातला ‘दोन’ हा आकडा बघा. एक अंगावर, एक दोरीवर! एवढं साधं गणित सरकारी कागदाला कळतं. आमच्या डायरीप्रमाणे चालायचं तर निळे दोन, पांढरे दोन, शूज दोन प्रकारचे, रिबिनी दोन रंगांच्या. हे ज्यांच्याकडे होतं ते शिस्तीचे. ज्यांच्याकडे नव्हतं ते डिफॉल्टर.

मोफत दिला म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात आपल्या राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवली. कापड वरून एकगठ्ठा, शिलाई महिला बचत गटांकडे. जूनमध्ये शाळा उघडल्या तरी बऱ्याच ठिकाणी गणवेश पोचलेच नाहीत, आणि आले त्यांतले कित्येक पोरांना बसेनात. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं. मुंबईतून एकच माप काढलं तर ते प्रत्येक गावच्या पोराला कसं बसणार?

हाच प्रश्न फार मोठ्या पातळीवर न्यायालयातही गेला. २०२२ मध्ये कर्नाटकात हिजाब घालणाऱ्या मुली युनिफॉर्मच्या नियमावरून कॉलेजच्या गेटबाहेर थांबल्या. १५ मार्च २०२२ ला तिथल्या उच्च न्यायालयाने नियम योग्य ठरवला. १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी नियमाच्या बाजूने निकाल दिला, न्या. सुधांशू धुलिया यांनी विरोधात. धर्म आणि कायद्याच्या त्या वादात पडण्याइतकी माझी अक्कल नाही. पण न्या. धुलियांनी त्यांच्या मनात सर्वांत वरचा विचार मुलींच्या शिक्षणाचा होता असं म्हटलं, ते वाचताना मला आमचा व्हरांडा आठवला. कारण कुठलंही असो, पाणी असो, पैसे असोत नाहीतर श्रद्धा. नियमामुळे एखादी मुलगी गेटच्या किंवा वर्गाच्या बाहेर राहिली, तर त्या दिवशी तिचा गणिताचा तास बुडतो. तो तिला कोण परत देणार?

दुसरीकडे केरळमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये बालुश्शेरीच्या सरकारी मुलींच्या शाळेत स्कर्टऐवजी सगळ्यांना पँट-शर्ट आणला. त्यावर वादही झाला. पण निदान तिथे मुलींना धावताना, सायकलवर बसताना काय अडतं हे कुणीतरी विचारलं होतं. आमच्या चार बोटांच्या स्कर्टबद्दल आम्हाला कधी कुणी विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, कडक नियम नकोत तर मग शिस्त कशी राहणार? याचं उत्तर मला चक्क आपल्या वर्कशॉपमध्ये मिळालं. मी मेकॅनिकलची. पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर सरांनी आम्हाला लेथजवळ उभं केलं आणि चकमध्ये नुसतं एक फडकं अडकलं तर काय होतं ते करून दाखवलं. अर्ध्या सेकंदात फडकं गुंडाळून चिंध्या! मग म्हणाले, “ॲप्रन नाही, शूज नाहीत, केस मोकळे, तर लेथला हात नाही.” कुणी हूं की चूं केलं नाही. नियम आमच्या शाळेपेक्षा कडक होता, पण त्याचं कारण आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. आणि स्टोअरच्या दाराला दोन जुने ॲप्रन कायम टांगलेले असतात. विसरलेल्याने ते घालायचे आणि कामाला लागायचं. नियमही राहतो आणि प्रॅक्टिकलही बुडत नाही. दोन जुने ॲप्रन! आमच्या शाळेत लहान झालेल्या व्हाइट ड्रेसची एक पेटी ठेवली असती तर? दर वर्षी बाराशे पोरं उंच होतात. पेटी आठवड्यात भरली असती.

मेट्रॉलॉजीमध्ये आणखी एक गोष्ट शिकले. ड्रॉइंगवर २५ मिलिमीटरचा शाफ्ट लिहिला म्हणून जगातली कुठलीही मशीन नेमका २५ चा शाफ्ट देत नाही. म्हणून टॉलरन्स द्यावा लागतो. आणि टॉलरन्स जितका घट्ट कराल तितका खर्च वाढतो. टर्निंगवर भागत नाही, ग्राइंडिंग करा, त्याहून घट्ट हवा तर लॅपिंग. म्हणून चांगला डिझायनर आधी विचारतो, इथे एवढा घट्ट टॉलरन्स खरंच लागतो का? खर्च कोण देणार? शाळेच्या डायरीत टॉलरन्स शून्य होता. आणि खर्च देत होती मोंढ्यातल्या मुनिमाची मुलगी.

आणि मी? मी होते गेज. ‘गो, नो-गो’वाला. पण गेजसुद्धा ठरावीक काळाने कॅलिब्रेट करतात हो. काळे बूट घातलेल्या गेजला त्या बुधवारी कुणी तपासलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. नियम सगळ्यांना सारखा असला म्हणजे तो न्याय्य झाला असं नाही. तो पाळायला प्रत्येकाला किती पडतं, तेही मोजायला हवं. युनिफॉर्म असू द्या, कडकही असू द्या. पण चूक दिसली तर आधी कारण विचारा, मग हवं तर शेरा द्या. आणि शिक्षा काहीही द्या, तास बुडवण्याची देऊ नका. शाळेने शाळाच काढून घ्यायची, ही कुठली शिक्षा?

माझ्या त्या मैत्रिणीचं नाव मी या लेखात लिहिलेलं नाही. ते मी त्या वहीत पुष्कळदा लिहून झालंय.

जाता जाता एक. माझी मामेबहीण याच शाळेत यंदा पाचवीत आहे आणि मॉनिटर झालीय. दिवाळीत ती मोठ्या ऐटीत तिची वही दाखवायला घेऊन आली. तेच तपकिरी कव्हर, तेच दोन रकाने. मी तिला विचारलं, “नाव लिहायच्या आधी कारण विचारतेस का गं?” ती म्हणाली, “कारण लिहायला जागाच नाही ना ताई.” मी पट्टी आणि लाल पेन घेतलं आणि प्रत्येक पानावर तिसरी रेघ ओढून दिली. वर लिहिलं, ‘कारण’.

“आणि मिस रागावल्या तर?” तिने घाबरत विचारलं.

“रागावल्या तर त्या रकान्यात ताईचं नाव लिही,” म्हटलं.

बघू, मिस काय म्हणतात ते.